कावळा शिवत नाही आणि प्रेक्षक हसत नाहीत : विनोदी ॲनिमेशन लघुपटाविषयी सल्ला हवा आहे

खाडीकाठ (मालवण)

नमस्कार. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहून मी आणि माझे दोन मित्र साधारण चार मिनिटांचा एक विनोदी ॲनिमेशन लघुपट तयार करीत आहोत. चित्रे आम्ही क्रिटामध्ये काढतो आणि हालचालीचे काम ब्लेंडरमधल्या ग्रीस पेन्सिलवर करतो. दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि घरच्या संगणकावर चालतात, त्यामुळे खर्चाची फारशी काळजी नाही. काळजी वेगळीच आहे, आणि ती नीट समजावी म्हणून आधी गोष्ट सांगतो.

खाडीच्या काठावर आबांचा दहावा चालू आहे. पिंड मांडून झाले आहेत, भटजी मंत्र म्हणत आहेत, आणि माडावर बसलेला कावळा खाली उतरून पिंडापाशी येतो, इकडेतिकडे पाहतो आणि न शिवताच दोन पावले मागे सरकतो. आबांची काहीतरी इच्छा राहिली असणार असे समजून थोरला मुलगा हात जोडतो आणि घराचे वाटे करणार नाही असे आश्वासन देतो. कावळा ढिम्म. मुंबईहून आलेला धाकटा सांगतो की यापुढे दर गणपतीला न चुकता येईन. कावळा ढिम्म. मग हळूहळू आश्वासने संपतात आणि कबुलीजबाब सुरू होतात. शेजारचे भाऊबंद हद्दीचा दगडी गडगा चार बोटे पुढे सरकवल्याचे मान्य करतात, पुतण्या विहिरीवरचा पंप आपणच विकल्याचे सांगतो, आणि थोरली सून आबांची तपकिरीची डबी आपणच खाडीत भिरकावल्याचे पदराआडून पुटपुटते. कावळा कशालाच बधत नाही. शेवटी पलीकडच्या घरातून बांगडा तळल्याचा वास येतो, आणि कावळा सगळ्यांच्या डोक्यावरून उडत जाऊन शेजारणीच्या ताटलीतला बांगडा उचलतो.

संहिता नुसती वाचून दाखवली की ऐकणारे पोट धरून हसतात. मात्र आम्हीच आमच्या आवाजात संवाद मुद्रित करून, कच्ची चित्रे त्यांवर बसवून ॲनिमॅटिक तयार केले आणि तेच लोकांना दाखवले, तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने पाहिले, ‘चित्रे छान आहेत’ असे सांगितले, आणि हसले मात्र कोणीच नाही. हालचालीत आम्ही कसूर केलेली नाही. कावळा मान रबरासारखी ताणतो, डोळे फिरवतो, पंख कमरेवर ठेवतो, आणि प्रत्येक आश्वासनाला वेगळा चेहरा करतो. माणसेही बोलताना भरपूर हातवारे करतात. हसू नेमके कोठे गळून जाते, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय मालवणी संवादांना ओठांची हालचाल कशी जुळवावी, आणि पावसाळ्यात आवाज मुद्रित करण्याची काय सोय करावी, याविषयीही मार्गदर्शन मिळाले तर उपकार होतील.

फिरती चौकट (रत्नागिरी)

आपल्या प्रश्नातच उत्तर आहे. गोष्ट सांगताना आपण ‘कावळा ढिम्म’ असे दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा मला हसू आले. चित्रात मात्र आपला कावळा ढिम्म राहिलेलाच नाही. तो मान ताणतो, डोळे फिरवतो, कमरेवर हात ठेवतो, म्हणजे माणसांच्या बोलण्याला उत्तर देतो. जो उत्तर देतो त्याला आणखी आश्वासने कशाला द्यायची? या गोष्टीतला सगळा विनोद एवढाच आहे की एक पक्षी पक्ष्यासारखा वागत आहे आणि त्याच्या वागण्यात आबांचे मन वाचता वाचता घरची माणसे स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडत आहेत. कावळा जितका खरा असेल तितकी माणसे अधिक हास्यास्पद होतील. डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात घडत गेलेली ॲनिमेशनची तत्त्वे, विशेषतः आकार दाबण्याचे आणि ताणण्याचे तत्त्व, सर्वत्र शिकवली जातात आणि ती शिकावीतही, परंतु ती प्रत्येक पात्राला सारख्याच प्रमाणात लावायची नसतात. आपल्या चित्रपटात ती माणसांना लावावीत आणि कावळ्याला शक्यतो लावूच नयेत.

आता एकच प्रसंग चौकटी (फ्रेम) मोजून पाहू. आपण सेकंदाला २४ चौकटी धरून दोन चौकटींना एक चित्र काढत असाल असे गृहीत धरतो. थोरल्याच्या ‘वाटे करूचव नाय’ या वाक्याचे शेवटचे अक्षर संपले की १० ते १२ चौकटी काहीही घडू देऊ नका. त्यानंतर कावळा मान वळवतो, पण ती मऊसूत वळवू नका. खरा कावळा मान झटक्यात वळवतो, म्हणून आधीचे चित्र, मधले एकच पुसट चित्र आणि नंतरचे चित्र, असे चार चौकटींत काम संपवा. मग ३० चौकटी, म्हणजे सव्वा सेकंद, पूर्ण शांतता. त्या शांततेच्या शेवटी कावळ्याच्या डोळ्यावरून पांढुरका पडदा एकदाच सरकतो, तो दोन चौकटींत. त्यानंतर थोरल्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते. हसू येईल ते त्या घाटीला येईल, कावळ्याला नाही. पुढच्या आश्वासनाला हाच क्रम वापरा, परंतु शांतता थोडी आखडती घ्या, आणि तिसऱ्या वेळी माणूस बोलणे संपवण्याआधीच कावळ्याला मान वळवू द्या. प्रेक्षकाला लय कळली की ती मोडण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, त्याआधी मिळत नाही.

येथे एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. हाताने काढलेल्या चित्रपटात एखादे चित्र सव्वा सेकंद जसेच्या तसे ठेवले, तर तो पात्राचा ठामपणा न वाटता चित्रपटच अडकल्यासारखा वाटतो. त्यावर उपाय असा की तेच चित्र तीन वेळा गिरवून घ्यावे आणि ती तीन चित्रे आळीपाळीने दाखवावीत, म्हणजे रेषा किंचित थरथरते आणि चित्र जिवंत राहते. मागे झावळ्यांची संथ हालचाल चालू ठेवावी आणि भटजींच्या उपरण्याचे टोक वाऱ्याने हलते ठेवावे. स्थिरता दिसण्यासाठी जवळपास काहीतरी हलत असावे लागते.

कावळ्याच्या रेखाटनाविषयीही थोडे सांगतो, कारण येथे खरी गंमत आहे. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे जवळची वस्तू निरखून पाहायची असली की तो पुष्कळदा मान तिरकी करून एकाच डोळ्याने पाहतो, म्हणजे त्याचे लक्ष आपल्याकडे असताना चोच भलतीकडेच असते. थोरला कळवळून बोलत असताना कावळ्याची चोच खाडीकडे आणि एक डोळा मात्र थेट थोरल्यावर, हे एक चित्र आपल्या दहा हावभावांना पुरून उरेल. आपण घरकावळा घ्या, डोमकावळा नको. डोमकावळा सबंध काळा असतो, त्यामुळे लहान आकारात त्याची मान वळलेली कळत नाही. घरकावळ्याच्या मानेवर आणि छातीवर राखाडी रंग असतो, त्यामुळे डोके धडापासून वेगळे दिसते आणि चार चौकटींचा झटकाही प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. आर. के. लक्ष्मण यांनी आयुष्यभर कावळे रेखाटले, ते उगाच नव्हे. आपल्याकडे तर नमुना रोज अंगणात येतो. तो चालतो कधी, टुणकन उडी कधी मारतो, चोच फांदीला कशी घासतो आणि ओरडताना अख्खे अंग कसे पुढे झुकवतो, हे काही दिवस वहीत टिपा आणि मगच संगणक उघडा.

चेहऱ्यावरच्या हावभावांवाचून विनोद उभा राहील का, अशी शंका आपल्या मनात येईल. आपल्या देशात दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये नुसत्या आगकाड्या हलवून लोकांची करमणूक केली होती. आगकाडीला तर भुवयाही नसतात.

एक शेवटची सूचना. चार मिनिटे म्हणजे २४० सेकंद, आणि दोन चौकटींना एक चित्र या हिशेबाने २,८८० चित्रे होतात. कावळा स्थिर ठेवला आणि प्रत्येक वाक्याला जवळचे दृश्य न दाखवता सगळी मंडळी एकाच रुंद दृश्यात नाटकासारखी उभी केली, तर यांतली बरीच चित्रे काढावीच लागणार नाहीत. आणि नव्याने काहीही काढण्यापूर्वी आहे त्याच ॲनिमॅटिकमध्ये कावळ्याच्या सर्व हालचाली काढून टाकून फक्त थांबण्याच्या वेळा बदलून पाहा. ते दाखवताना पडद्याकडे पाहू नका, पाहणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहा.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ राजापूर)

चर्चा वाचनीय आहे, परंतु एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. दहाव्याच्या विधीवर विनोद करणे कितपत योग्य आहे? ज्यांच्या घरी नुकतेच असे काही घडले असेल त्यांना हा चित्रपट पाहताना काय वाटेल, याचाही विचार व्हावा. मी विरोध करीत नाही, फक्त विचारतो.

तीळतांदूळ (देवगड)

चाकरमानी यांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते ही गोष्ट विधीची थट्टा करीत नाही, विधीच्या निमित्ताने उघड्या पडणाऱ्या माणसांची करते. आमच्या घराण्यात भिक्षुकी आहे, म्हणून अनुभवाने सांगतो की दहाव्याला डोळे पुसणारी माणसेच कावळा शिवेना की दबल्या आवाजात एकमेकांना कोपरखळ्या मारू लागतात. लोकांना हसू येते ते तेथेच येते, चित्रपटाने ते नव्याने आणलेले नाही. फक्त भटजींना मूर्ख किंवा लोभी दाखवू नये, एवढी विनंती आहे. तो विनोद फार शिळा झाला आहे.

विधीच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी सुधारून घ्याव्यात. एक म्हणजे पिंड मांडल्यावर माणसे त्यांच्याभोवती कोंडाळे करून उभी राहत नाहीत. कावळा माणसाला बुजतो, म्हणून सगळे लांब सरकतात आणि तेथूनच हात जोडून बोलतात. आपल्या चित्रासाठी हे सोयीचेच आहे, कारण एका टोकाला कावळा, दुसऱ्या टोकाला घोळका आणि मध्ये मोकळी वाळू, अशी मांडणी आपोआप मिळते, आणि प्रत्येक कबुलीनंतर घोळक्यातली माणसे एकमेकांपासून थोडी थोडी दूर सरकू शकतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कावळा शिवलाच नाही, तर काम अडून राहत नाही. भटजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावून विधी पुरा करतात. आपल्या गोष्टीत याचा उल्लेख कोठेच नाही, आणि कोकणातल्या प्रेक्षकाला तो पहिल्या मिनिटापासून आठवत राहील. ज्या भटजींना दर्भाचा कावळा करता येतो, ते इतका वेळ सगळ्यांचे कबुलीजबाब निवांतपणे का ऐकत बसले होते, हा प्रश्न मला तरी सर्वांत विनोदी वाटतो.

पायपेटी (कुडाळ)

तीळतांदूळ यांची शेवटची ओळ वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. खाडीकाठ, आपला शेवट आपल्याला मिळाला आहे असे समजा.

फिरती चौकट यांनी चौकटींचा हिशेब उत्तम मांडला आहे, पण माझे मत थोडे निराळे आहे. कोठे किती थांबायचे हे चित्रकाराने ठरवण्याआधी नटाच्या श्वासाने ठरते. मी दशावतारी नाटकांना पेटीची साथ करतो. तेथे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान आणि प्रवेशांचा क्रम ठरलेला असतो, आणि बाकीचे सगळे नट रंगमंचावर उभे राहून रचतात. आड दशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, वेद चोरणारा संकासुर येतो, तेव्हा त्याचे आणि भटजीचे मालवणीत जे जुंपते त्यात लोक वाक्याला हसत नाहीत, वाक्य पडल्यानंतर समोरचा नट किती वेळ गप्प राहिला याला हसतात. ती शांतता घड्याळ लावून कोणी ठरवत नाही. ती दोन नट एकमेकांकडे पाहत असताना ठरते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की आवाज एकेकाला वेगळे बसवून मुद्रित करू नका. चार-पाच नटांना एका खोलीत समोरासमोर बसवा, प्रसंग समजावून सांगा, संहिता हातातून काढून घ्या, आणि कावळ्याच्या जागी एखाद्या माणसाला नुसते गप्प बसवा. नट त्याच्याकडे पाहून बोलतील. एकाचे बोलणे संपण्यापूर्वी दुसरा सुरू होईल, कोणी मध्येच खाकरेल, ‘काय व्हया तां सांग मरे’ (काय हवे ते सांग रे) हे वाक्य पहिल्यांदा विनवणीने येईल आणि तिसऱ्यांदा वैतागाने येईल. या सगळ्यातून चित्रे काढली तर चौकटी आपोआप नेमक्या पडतील. भटजींचे मंत्र मात्र वेगळे मुद्रित करावेत आणि संपूर्ण चित्रपटात एकाच संथ लयीत खालून चालू ठेवावेत. पंपाची कबुली येते तेव्हा ते मंत्र अर्धा क्षण थबकले पाहिजेत, बस्स.

मालवणी फार घट्ट करू नका. विदर्भातल्या माणसालाही कळले पाहिजे. हेल अस्सल ठेवावा आणि शब्द सोपे निवडावेत. खास मालवणी शब्द वापरायचाच असेल तर तो अशा जागी वापरावा की चित्रावरूनच अर्थ उलगडेल. शिव्यांचा मोह सर्वांना होतो, तो टाळावा. मालवणी विनोद म्हणजे शिव्या, असा समज आधीच पुरेसा पसरलेला आहे.

संगीताविषयी माझे मत ठाम आहे. विनोदी संगीत वापरू नये. प्रत्येक प्रसंगाला ‘टुइंग’ वाजवणारा चित्रपट स्वतःच्या विनोदावर विश्वास नसल्याचे जाहीर करतो. खाडीचे पाणी, झावळ्यांची सळसळ, कावळ्याच्या नखांचा वाळूतला आवाज आणि दूरवरून तव्यावर बांगडा पडल्याचा चुर्र, एवढे पुरे आहे. तो चुर्र मात्र खरा मुद्रित करा. तव्यात तेल तापलेले असावे, बांगड्याला रवा लावलेला असावा, आणि ध्वनिग्राहक तव्यापासून हातभर दूर, वाफ लागणार नाही असा तिरपा धरावा. पहिल्या दोन क्षणांत जो कडक आवाज येतो तोच ठेवावा, नंतरची खदखद कापून टाकावी.

पावसाळ्यातल्या मुद्रणाचे म्हणाल तर कौलांवर पाऊस पडत असताना काहीही करू नये. नंतर तो आवाज काढता येत नाही, आणि पाऊस थांबला तरी बेडूक थांबत नाहीत. आपल्या कामाला घटस्थापनेपासून कार्तिकापर्यंतचा काळ योग्य आहे. त्यापूर्वी पाऊस असतो, आणि त्यानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराचे नट पुढचे कित्येक महिने रात्रभर उभे आणि दिवसा झोपलेले असतात. खोली निवडताना रस्त्यापासून दूरचे माजघर निवडा, दारावर आणि समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगा, पंखा आणि शीतकपाट बंद करा. ध्वनिग्राहक प्रत्येकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा फटका बसणार नाही. सर्वांत शेवटी कोणीही न बोलता त्याच खोलीतली मिनिटभर शांतता मुद्रित करून घ्या. संवादांमधल्या मोकळ्या जागा भरण्यासाठी ती लागते, आणि आपल्या चित्रपटात तर मोकळ्या जागाच जास्त आहेत.

जाता जाता आणखी एक. आपल्यापासून कुडाळजवळचे पिंगुळी फार लांब नाही. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत, आणि त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळीतल्या गुढीपूरला जाऊन एकदा ते पाहून या. चित्रकथीच्या चित्रात हालचाल काहीच नसते, सांगणाऱ्याचा आवाज चित्राला हलवतो. आपला कावळा ज्या कारणासाठी थांबायला हवा, ते कारण तेथे समोर दिसेल.

उंडी (वेंगुर्ले)

वरची चर्चा कलेची आहे, मी यंत्राचे थोडे सांगतो.

ओठांच्या हालचालीसाठी ‘रुबार्ब लिप सिंक’ नावाचे विनामूल्य साधन आहे. ते आवाजाची फाइल ऐकून कोणत्या क्षणी तोंडाचा कोणता आकार हवा याची यादी तयार करते. त्याची मूळ पद्धत इंग्रजी बोलण्यासाठी आहे, परंतु त्यातच ध्वनीवर चालणारी दुसरी पद्धत आहे, ती भाषा ओळखत नाही आणि म्हणून मालवणीलाही चालते. त्यात तोंडाचे सहा मूळ आकार असतात, आणि विनोदी चित्रपटाला तेवढे भरपूर झाले. यंत्राने दिलेली यादी जशीच्या तशी वापरू नका, कारण ती प्रत्येक ध्वनीला तोंड हलवते आणि पात्र सुपारी चघळत असल्यासारखे दिसते. दोन गोष्टी मात्र हाताने तपासाव्यात. प, फ, ब, भ, म यांच्या वेळी ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, निदान दोन चौकटी तरी, आणि आकार ध्वनीच्या एक-दोन चौकटी आधी आला तर चालतो, नंतर आलेला मात्र डोळ्याला लगेच खुपतो. मालवणीत ‘फ’ पुष्कळ जण खालचा ओठ दातांना लावून म्हणतात, तेव्हा नटाच्या तोंडाकडे पाहूनच ठरवा. थोरली सून पदराआडून बोलते, ही तर आपली बचतच आहे.

चित्रपट संगणकाकडून अंतिम रूपात तयार करून घेताना थेट व्हिडिओ फाइल करू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट राहिलेली व्हिडिओ फाइल बहुधा उघडतच नाही. ब्लेंडरमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र पीएनजी चित्र म्हणून साठवा आणि ‘ओव्हरराइट’ हा पर्याय बंद ठेवा. मग वीज परत आल्यावर काम पुन्हा सुरू केले की आधी झालेल्या चौकटी वगळून ते पुढे चालू लागते. काम चालू असताना वीज गेली असेल तर शेवटचे चित्र उघडून तपासा. ते अर्धवट असेल तर पुसून टाका, नाही तर ब्लेंडर ते झालेच आहे असे समजेल. एकाच फोल्डरमध्ये दोन संगणकांवरून काम करणार असाल तर ‘प्लेसहोल्डर’ हा पर्यायही चालू करा, म्हणजे एकाने हातात घेतलेली चौकट दुसरा घेणार नाही. मात्र त्यामुळे रिकाम्या फाइली मागे राहू शकतात, त्या शून्य आकाराच्या असतात आणि लगेच ओळखू येतात. सगळ्या चौकटी तयार झाल्यावर आवाजासह त्यांची व्हिडिओ फाइल करणे हे थोड्या वेळाचे काम आहे.

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये मुद्रित करा, आणि चित्रपटाची गती पहिल्या दिवशी जी ठरवली तीच शेवटपर्यंत ठेवा. मध्येच २४ च्या २५ चौकटी केल्या तर फिरती चौकट यांनी दिलेला सगळा हिशेब वाया जाईल.

खाडीकाठ (मालवण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिरती चौकट यांच्या सूचनेप्रमाणे आम्ही कावळ्याच्या सगळ्या कसरती काढून टाकल्या, त्याला चोच खाडीकडे ठेवून उभा केला, आणि नवीन एकही चित्र न काढता फक्त वेळा बदलून ॲनिमॅटिक पुन्हा दाखवले. या वेळी प्रेक्षकांत गोष्ट मुळीच माहीत नसलेली मंडळी मुद्दाम बसवली होती. थोरल्याच्या आश्वासनाला कोणी हसले नाही, धाकट्याच्या वेळी कोणीतरी नाकातून हसले, आणि गडग्याच्या कबुलीला सगळी खोली हसली. विशेष म्हणजे सर्वांत मोठा हशा कबुलीला आला नाही. ज्याचा गडगा सरकवला होता तो शेजारी हळूच मान वळवून पाहतो, त्या चित्राला आला. ते चित्र आधीही होते, पण त्याच वेळी कावळा पंख फडफडवत असल्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नव्हते.

चाकरमानी यांनी विचारलेला प्रश्न आम्ही घरच्या ज्येष्ठांनाही विचारला. त्यांचे म्हणणे असे पडले की आबांचे पात्र आधी थोडे दिसावे, म्हणजे हसणे त्यांच्यावर नसून त्यांच्यासह आहे असे वाटेल. म्हणून सुरुवातीला दहा सेकंदांचे एक दृश्य घालत आहोत. त्यात आबा जेवायला बसले आहेत, सून पथ्याची पेज वाढते, आणि आबांचा एक डोळा शेजारच्या घराकडे लागला आहे. मान तिरकी, तोंड पेजेकडे आणि डोळा बांगड्याकडे. शेवटी कावळा तसाच उभा राहील, त्यामुळे वेगळे काही सांगावे लागणार नाही.

भटजींचा शेवटही स्वीकारला आहे. कावळा बांगडा घेऊन गेला की सगळे आ वासून पाहत राहतात, भटजी मंत्र न थांबवता मांडीखालून दर्भाचा कावळा काढतात, जो बहुधा पहिल्या मिनिटालाच करून ठेवलेला होता, आणि पिंडाला लावतात. अडचण एकच उरली आहे. बांगडा उचलण्याचा क्षण आणि दर्भाचा कावळा, हे दोन्ही एकामागोमाग आले तर दुसरा पहिल्याला मारतो. मध्ये किती अंतर ठेवावे, आणि बांगडा उचलताना कावळ्याला आता तरी मोकळे सोडावे का?

फिरती चौकट (रत्नागिरी)

कावळ्याला येथे पहिल्यांदाच पूर्ण वेगाने उडू द्या, परंतु उड्डाण दाखवण्यापेक्षा त्याचा परिणाम दाखवा. कावळा पडद्यावरून सहा चौकटींत नाहीसा होतो, घोळक्यातल्या सगळ्यांच्या माना एका झटक्यात वळतात, आणि मग शेजारीण दिसते : एका हातात कालथा, दुसऱ्या हातात ताटली, ताटली रिकामी, चेहरा अजून बांगडा तेथेच असल्यासारखा. बांगडा उचलताना प्रत्यक्ष दाखवूच नका. या चित्रावर पूर्ण दोन सेकंद थांबा, म्हणजे ४८ चौकटी. चित्रपटातली ही सर्वांत लांब शांतता असावी, म्हणून आधीच्या कोणत्याही शांततेला सव्वा सेकंदापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. हसू ओसरू लागले की खालून भटजींचा मंत्र पुन्हा ऐकू येऊ द्या, आणि कॅमेरा न हलवता त्यांचा हात मांडीखाली गेलेला दाखवा. मंत्र ऐकू आल्यामुळे प्रेक्षकांचे लक्ष स्वतःहून त्यांच्याकडे वळेल, त्यामुळे दुसरा विनोद पहिल्याच्या अंगावर पडणार नाही.

पायपेटी (कुडाळ)

घटस्थापनेनंतर मुद्रण करायचे ठरले तर कळवावे, मी येईन. भटजींच्या भूमिकेसाठी माझ्या ओळखीचे एक नट आहेत, ते रात्री दशावतारात काम करतात आणि दिवसा खरोखरच भिक्षुकी करतात, त्यामुळे मंत्र अस्खलित मिळतील. फक्त पाकिटावर मानधन असे न लिहिता दक्षिणा असे लिहावे लागेल, आणि मुद्रणाच्या दिवशी तव्यावरचा बांगडा शेवटी ठेवावा, नाही तर त्यांचे लक्ष मंत्रात राहणार नाही.